नवव्या महिन्यातली नवमी

१६ मे, ४२९४
(भिंतीवरच्या अमेरिकन कॅलेंडरात १९६१)

पहाटे हान नदीच्या पुलाकडून गोळ्यांचे आवाज आले. आईंना वाटलं, पुन्हा उत्तरेकडचे कम्युनिस्ट आले. त्या तांदळाचा डबा कवटाळून चुलीमागे जाऊन बसल्या. मग रेडिओवर कुणीतरी खरखरीत आवाजात सांगितलं की सैन्यानं देशाचा कारभार हाती घेतलाय, लोकांनी शांत राहावं. राहू शांत. गेल्या वर्षी कॉलेजच्या पोरांनी म्हाताऱ्या अध्यक्षांना घालवलं, तेव्हाही आपण शांतच होतो, फक्त पुढच्या काचा बदलाव्या लागल्या.

चहाघर नेहमीच्या वेळी उघडलं. रस्त्यावर रणगाडा उभा होता आणि त्याच्या सावलीत भाजीवाली मुळे मांडून बसली होती. चांगमास्तर आले, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि एका कपावर दुपारपर्यंत देश चालवला. ह्योनसाहेबही आले. ते सरकारी कचेरीत आकडेमोड करतात, हे मागे लिहिलंय. आज तरी सुट्टी घेतील असं वाटलं होतं, पण माणूस ठरलेल्या वेळेला हजर. मी कॉफीत अंड्याचा बलक टाकून दिला, जरा मोठाच. बायको लढाईच्या दिवसांत वारली, खायला घालणारं कुणी नाही, माणूस वाळत चाललाय. पण त्यांनी आजही अर्धा कप तसाच ठेवला! तीन वर्षं मी बघतेय. इतकी का वाईट करते मी कॉफी?

तुम्ही परत आलात की हे सगळं वाचाल, म्हणून नीट लिहिते. तुमची भाताची वाटी आईंनी आजही झाकण लावून गोधडीत गुंडाळून ठेवली. रणगाडे आले तरी त्यांचा नेम चुकत नाही.

२० मे

चांगमास्तरांना नेलं. शिक्षकांच्या संघटनेत नाव होतं म्हणे. दोन माणसं आली, अगदी आदबीनं बोलली, "मास्तर, जरा पाच मिनिटं." मास्तरांनी कप खाली ठेवला आणि मला म्हणाले, "मादाम, भरलेला आहे अजून, उचलू नका."

पाच मिनिटं. हेच शब्द. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात, उत्तरेकडच्यांनी शहर घेतलं तेव्हा, आपल्या दारात आलेली माणसंही हेच म्हणाली होती आणि तुम्ही घरातल्या चपला घालून गेलात.

मी संध्याकाळपर्यंत कप उचलला नाही. ह्योनसाहेब त्या कपाकडे बघत होते, पण काही बोलले नाहीत. त्यांचं हे एक बरं आहे.

३० मे

आता ऐका नवीन. कॉफी बंद!

परदेशी माल विकायचा नाही, परकीय चलन देशाबाहेर जातं, म्हणून शहरातल्या सगळ्या चहाघरवाल्यांना बोलावून सह्या घेतल्या. समोर बसलेला अधिकारी माझ्या धाकट्या भावाएवढा. म्हणाला, "ताई, तुमच्या एकेका कपातून देशाचं सिमेंट वाहून जातंय." मी म्हटलं, "माझ्या कॉफीला आजवर लोकांनी बरीच नावं ठेवली, पण सिमेंट कुणी म्हटलं नव्हतं." सगळे हसले. तो हसला नाही. मग मीही सही केली.

घरी येऊन कपाटातले कॉफीचे डबे पोलिसांच्या हवाली केले. अमेरिकन छावणीतून मागच्या दारानं येणारे ते हिरवे डबे तुम्हांला किती आवडायचे! मला रडायला आलं नाही, राग आला. चहाघरात कॉफी नाही म्हणजे काय? तुम्ही याल ते इथंच याल, चहाघराच्या या पाटीखाली. पाटी तीच आणि आत कॉफी नाही असं कसं चालेल?

आई म्हणाल्या, "कॉफी नाही तर आल्याचा चहा दे. लोक काय तहानेनं मरतात?"

९ जून

दहा दिवस नुसते प्रयोग. बार्ली भाजली, सोयाबीन भाजले, शिंगाड्याचं पीठसुद्धा भाजून पाहिलं. शेवटी सोयाबीन जवळजवळ जाळले आणि वाटून उकळले तेव्हा कुठं रंग जमला. रंगच. वास विचाराल तर जळक्या घोंगडीचा. दरांच्या फळ्यावर लिहिलं: 'देशी कॉफी'.

पहिलं गिऱ्हाईक थुंकायला बाहेर पळालं. दुसऱ्यानं विचारलं, "मादाम, ही घ्यायची आहे की पायाला लावायची आहे?" दगडापेक्षा वीट मऊ म्हणून आता सगळे आल्याचा चहा घेतात.

फक्त ह्योनसाहेबांनी ती देशी कॉफी सगळी संपवली! तळाचा गाळसुद्धा. म्हणाले, "छान आहे." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. खऱ्या कॉफीचा अर्धा कप टाकणारा माणूस हे पाणी छान म्हणतो? जीभच नाही बिचाऱ्याला. मी आत जाऊन आईंना सांगितलं, तर त्या शेंगा सोलत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "जीभ आहे गं त्याला. वापरत नाही, एवढंच."

म्हाताऱ्या माणसांचं बोलणं कधीकधी कळत नाही.

ह्योनसाहेब आता नव्या कचेरीत जाणार. पाच वर्षांची योजना करतायत. वीज किती, खत किती, सिमेंट किती, सगळं आधी कागदावर. मी विचारलं, "आणि माणसं किती लागतील?" तर खरंच विचार करायला लागले. थट्टासुद्धा कळत नाही या माणसाला.

३ जुलै

सरकारी नोकरांनी चहाघरात पाऊल ठेवायचं नाही असा हुकूम निघाला. चहाघरात बसून देश आळशी होतो म्हणे.

ह्योनसाहेब काल शेवटचे आले. नवीन खाकी पोशाख घातला होता, सगळ्या सरकारी माणसांना शिवून घ्यायला लावलाय तो. खांद्यात मोठा होता. उठताना म्हणाले, "मादाम, उद्यापासून येता यायचं नाही." मी म्हटलं, "ठीक आहे. एक गिऱ्हाईक कमी." असं म्हणायला नको होतं. पण तोंडातून गेलं. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि गेले.

गिऱ्हाईकं निम्म्यानं घटली आहेत, म्हणूनच जीवाला चैन नाही. धंद्याची काळजी, दुसरं काय.

१४ जुलै

आता हे काय ते तुम्हीच सांगा. समोर जुन्या पुस्तकांचं दुकान आहे ना, त्याच्या पन्हाळीखाली ह्योनसाहेब रोज सकाळी उभे असतात. हातात पुस्तक, तोंड आमच्याकडे. कधी पान उलटताना दिसले नाहीत. कचेरीची वेळ झाली की पुस्तक ठेवतात आणि जातात. पुस्तकवाला वैतागला असेल. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? कॉफी परत सुरू झाली का ते बघायचं असेल तर दारात येऊन विचारावं, दारात उभं राहायला हुकूम आडवा येत नाही.

आज पाऊस जोरात होता. तरी उभे. मी आईंना म्हटलं, "बघा, कॉफीचं व्यसन माणसाला कुठं नेतं!"

आईंनी खिडकीतून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "सूनबाई, तुझं वय काय गं?"

"एक्केचाळीस. का?"

"काही नाही. विसरले होते."

आज त्यांना जेवण गेलं नाही. पावसानं गुडघे दुखत असतील.

२७ ऑगस्ट

लिहिण्यासारखं काही नाही. रस्ता रुंद करतायत, धूळ कपात येते. पलीकडच्या गल्लीत विणकामाचा कारखाना निघाला, पोरी सकाळी रांगेनं जातात. आल्याचा चहा बरा खपतो. ह्योनसाहेब आठ दिवस दिसले नाहीत. दक्षिणेत कारखान्याची जागा बघायला गेले असतील, तसं पुस्तकवाला म्हणाला. मी मुद्दाम विचारलं नव्हतं. बोलता बोलता विषय निघाला.

१८ सप्टेंबर

चांगमास्तर आले!

मी कपबश्या पुसत होते. दार उघडलं आणि एक डोकं भादरलेला म्हातारा आत आला, सरळ खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. ओळखायला वेळ लागला. निम्मे झालेत. हात थरथरतो. मी ओरडले, "मास्तर, तुमचा कप मी धुऊन टाकला हो!" ते म्हणाले, "चार महिने उष्टा ठेवला असता तर मीच तक्रार केली असती." मग दोघंही हसलो आणि मी आत जाऊन तोंड धुऊन आले. नोकरी गेली त्यांची. आता माझ्या पैशानं बसतील, बसू देत.

रात्रीच्या जेवणाला मी आईंना म्हटलं, "बघितलंत? नेलेली माणसं परत येतात. तुम्ही उगाच हल्ली गप्प गप्प असता. येतात परत!"

आईंनी तुमच्या वाटीवर झाकण ठेवलं. म्हणाल्या, "तो चार महिन्यांत आला, सूनबाई."

"मग?"

"मग काही नाही. जेव."

मला राग आला. आई असून असं बोलतात! मी सून असून अकरा वर्षं पाटी पुसतेय, घासतेय, रंगवतेय. दुसरी असती तर माहेरी गेली असती, दुसरं घर केलं असतं. हे मी त्यांना बोलले नाही. मनात मात्र आलं, म्हणून इथं लिहिते. तुमच्यापासून काय लपवायचं.

४ ऑक्टोबर

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही.

सकाळी आई मला समोर बसवून म्हणाल्या, "यंदा नवव्या महिन्याच्या नवमीला इन-मोचं पान मांडायचं."

ज्यांच्या मरणाचा दिवस माहीत नाही त्यांचं पान नवव्या महिन्याच्या नवमीला मांडतात. लढाईनंतर गल्लीतल्या कितीतरी घरांत मांडतात. आपल्या घरात कधी नाही. कधीच नाही! मी म्हटलं, "जिवंत माणसाचं पान मांडता? पोटच्या पोराचं?"

"मी जन्म दिलाय, मलाच कळतं."

"काय कळतं? कागद आला? कुणी निरोप आणला?"

"निरोप कुणी आणत नाही गं. आपणच ऐकायचा असतो."

मी नको नको ते बोलले. म्हटलं, तुम्हांला वाटी गुंडाळायचा कंटाळा आला असेल. म्हातारपणी सुटका हवी असेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "हो. सुटका हवी. माझी नाही." आणि उठून गेल्या.

मग कुणाची? तुमची? तुम्ही काय इथं अडकून पडला आहात?

आई आपल्या पोराला वाकत नाही, ती रीतच नाही. आपल्याला मूल नाही. म्हणजे पानापुढं दारूचा कप ओतून वाकायचं ते मीच. मी वाकणार नाही. मी वाकले तर तुम्ही मेलात. इतकं सोपं आहे ते.

संध्याकाळी त्यांनी वाटी भरली नाही. मी भरली. गोधडीत गुंडाळली. तेव्हा लक्षात आलं, मी अकरा वर्षांत एकदाही गुंडाळली नव्हती. मला जमलंच नाही, भात लगेच गार पडला.

१० ऑक्टोबर

घरात अबोला आहे. आई माझ्याशी मांजराच्या मार्फत बोलतात. "मने, तिला सांग मीठ संपलंय."

ह्योनसाहेब परत आलेत, पन्हाळीखाली. उन्हानं काळे पडलेत. आज मी वर खिडकी पुसत होते तर काय बघते, आई रस्ता ओलांडून त्यांच्याकडे गेल्या! गुडघे दुखतात म्हणून देवळात जात नाहीत आणि ट्रक चुकवत पलीकडे गेल्या. काहीतरी बोलल्या. ह्योनसाहेबांनी पुस्तक दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं, शाळेत शिक्षा झाल्यासारखं. मग खूप खाली वाकून नमस्कार केला.

आल्यावर मी विचारलंच, अबोला मोडून. "काय बोलत होतात?"

"वेळ विचारली."

"भिंतीवर घड्याळ आहे की!"

"ते तुझं घड्याळ," आई म्हणाल्या. "बंद पडलंय." बघितलं तर चालू होतं. म्हाताऱ्यांची नजर.

१७ ऑक्टोबर

उद्या नवमी. मी करणार नाही म्हटलं तरी आई एकट्याच बाजारात गेल्या, सुकी मासळी, पेअर, खजूर आणले. चांगमास्तरांना घरी बोलावून पानाशी ठेवायचा नावाचा कागद लिहून घेतला. मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, "मादाम, हात थरथरतो, अक्षर वाकडं आलं तर माफ करा." अक्षर वाकडंच आलं. पण तुमचं नाव वाचता येत होतं.

एकट्या म्हाताऱ्या बाईला कढई उचलताना बघवेना. म्हणून मी भजी तळली. फक्त भजी. वाकणार नाही, हे मी सांगून ठेवलंय.

आई म्हणाल्या, "दारूबरोबर कॉफीही ठेवायची. त्याला लागायची."

"कॉफी कुठनं आणू? तुरुंगात जाऊ? सोयाबीनची ठेवते."

"माझ्या पोराला जळक्या घोंगडीचं पाणी? त्याची सोय झालीय. तू आलं किस."

१८ ऑक्टोबर

आज काय झालं ते लिहिते. कुणासाठी ते माहीत नाही.

सकाळी चहाघर उघडायच्या आधी मागच्या दारावर थाप पडली. दार उघडलं तर ह्योनसाहेब. तोच खांद्यात मोठा खाकी पोशाख. कपाळावर घाम, थंडी असून. खिशातून वैद्याच्या पुडीसारखी घडी काढली आणि दोन्ही हातांनी पुढं केली. मी उघडली. कॉफी. खरी. दोन चमचे असेल.

हा माणूस ट्राममध्ये सापडलेली छत्री परत करायला डेपोपर्यंत चालत गेला होता. ज्या सरकारनं कॉफी बंद केली त्याच्याच कचेरीत हा काम करतो. धरला असता तर नोकरी जाऊन तुरुंग झाला असता. मी म्हटलं, "कुठून आणलीत?"

"ते विचारू नका."

"कशासाठी पण?"

ते माझ्या खांद्यावरून आत मांडलेल्या पानाकडे बघत होते. म्हणाले, "ते इतक्या दिवसांनी घरी येणार. त्यांना हवं ते मिळायला हवं."

एवढंच. मागं सरून गल्लीत भिंतीला टेकून उभे राहिले. बाहेरच्या माणसानं अशा वेळी आत यायचं नसतं.

मी पाणी उकळलं. आईंनी पानावरच्या भातात रीतीप्रमाणे चमचा उभा खोवला आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी एकटी उरले. कॉफी ओतली, दोन चमचे साखर घातली, कप नावापुढं ठेवला. साडेचार महिन्यांनी तो वास घरात भरला. इन-मो सकाळी उठल्याबरोबर कप नाकाशी धरून बसायचे, पिणं नंतर. अकरा वर्षं मी रडले नव्हते. रडले असते तर ते मेले असते म्हणून. आज रडले. मोठ्यानं रडले, गल्लीत ऐकू गेलं असेल. दाराआडून आईंचाही आवाज येत होता. मग मी वाकले. वाकून उठायला जमेना, तशीच बराच वेळ जमिनीला कपाळ लावून होते. इन-मो गेले. माझा नवरा गेला. कधी, कुठं, कुणी माती दिली की नाही, काही माहीत नाही, पण गेला.

नंतर आईंनी दार उघडलं. डोळे सुजले होते पण आवाज नेहमीचा. मागच्या दारापाशी जाऊन गल्लीत हाक मारली, "अरे ए, आत ये."

ह्योनसाहेब म्हणाले, "नको आजी. हुकूम आहे."

"हुकूम चहाघराला. हे माझं स्वयंपाकघर आहे. इथं माझा हुकूम."

आले आत. दाराजवळ गुडघे दुमडून बसले. आईंनी पानावरचा कॉफीचा कप उचलला आणि त्यांच्यापुढं धरला. मी घाबरून म्हटलं, "आई, काय करता! पानावरचा पहिला घोट घरच्या माणसानं घ्यायचा असतो. पाहुण्याला देतात का कुणी?"

आई म्हणाल्या, "इथं पाहुणा कोण आहे?"

चुलीवर पाणी वाजत होतं. ह्योनसाहेबांचे कान लाल झाले होते, अगदी टोकापर्यंत. सगळा उन्हाळा, ती पन्हाळी, तो पाऊस, ते न उलटलेलं पान, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी पदार्थ सारखे करायला लागले. सारखेच होते ते.

त्यांनी आईंकडून दोन्ही हातांनी कप घेतला. मोठ्या माणसांपुढं पितात तसं तोंड बाजूला वळवून प्यायले. मग कप खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. तीन वर्षांत असं सरळ पहिल्यांदाच.

"मादाम," ते म्हणाले, "तुमचं नाव काय?"

मी मादाम. आईंची सूनबाई. इन-मोंची बायको. नाव विचारणारं बरेच दिवसांत कुणी भेटलं नव्हतं.

"ओक-नान," मी म्हटलं. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं. "ओक-नान."

"नीट ऐकलंस ना?" आई भात वाढता वाढता त्यांना म्हणाल्या. "तिला दोनदा सांगावं लागलंय. आता विसरू नकोस."